लांबच्या प्रवासात तापणारे इंजिन : एका निदानाची नोंद

ही नोंद एका नऊ वर्षे वापरलेल्या आणि १,३२,००० किलोमीटर धावलेल्या गाडीची आहे. इंजिन १.५ लिटरचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. गिअर हाताने टाकायचे. आणि वॉटर पंप (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फिरवणारा) टायमिंग बेल्टवर फिरणारा, म्हणजे कव्हर उतरवल्याशिवाय नजरेस न पडणारा. मालकाची तक्रार अशी होती की शहरातल्या गर्दीत, एसी लावूनही, तास दीड तास गाडी चालवली तरी तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलत नाही. मात्र मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० ते १०० किलोमीटर वेगाने पाऊण तास गेला की काटा वर सरकू लागतो आणि वेग उतरवला की काही मिनिटांत पुन्हा खाली येतो. चढ लागला तर हेच सारे लवकर घडते.

गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी दोन ठिकाणी तिच्यावर काम झाले होते. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) आणि रेडिएटरची कॅप बदलली गेली. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर रसायनाने धुतला, फॅनची मोटर नवी बसवली आणि तरीही गाडी तापते असे दिसल्यावर तो नवा थर्मोस्टॅट काढूनच टाकला. या शेवटच्या उपायाबद्दल मला स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण तो फार ठिकाणी केला जातो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच दुसरी चकती बायपासचा मार्ग बंद करते, तिथे तो काढल्यावर बायपास कायम उघडा राहतो आणि कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम इंजिनात परततो. थंडावा वाढावा म्हणून केलेला उपाय अशा इंजिनात थंडावा कमी करतो. हे इंजिन त्याच प्रकारचे होते. म्हणून निदान सुरू करण्यापूर्वी मी थर्मोस्टॅट परत बसवला, मात्र बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात तापमापकासह गरम करून पाहिला. त्यावर ८२ अंश असे कोरलेले होते. ८३ अंशांना तो उघडू लागला आणि ९५ अंशांना पूर्ण उघडला. त्याच्यावरचा संशय तिथेच संपला.

बोलता बोलता मालकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. काटा वर गेला की हीटर लावावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, असे त्यांना कोणीतरी सुचवले होते. त्यांनी तसे करून पाहिले, तर झरोक्यातून कोमट हवा आली. आधीच्या ठिकाणी याला हीटरचा वेगळा बिघाड ठरवून पुढच्या खेपेला पाहू असे सांगितले गेले. मीही हे वाक्य वहीत टिपून ठेवले, पण त्याचे खरे वजन मला रस्त्यावरच्या चाचण्यांनंतर कळले.

तक्रारीतूनच काय कळते

इंजिन कधी तापते हा प्रश्न ते का तापते याच्या निम्म्या उत्तराइतका मोलाचा आहे. गाडी उभी असताना किंवा संथ चालताना रेडिएटरमधून हवा ओढण्याचे काम फॅन करतो; वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वर गेला की समोरून घुसणाऱ्या वाऱ्यापुढे फॅनचे महत्त्व जवळजवळ उरत नाही. त्यामुळे गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होणारी गाडी फॅनकडे, त्याच्या रिलेकडे किंवा सेन्सरकडे बोट दाखवते. इथे सगळे नेमके उलट होते. जी गाडी एसी लावून गर्दीत तासभर थंड राहते तिचा फॅन बदलण्याचे कारणच नव्हते.

वेगात तापणाऱ्या गाडीत मामला क्षमतेचा असतो. ताशी ९५ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर अशा गाडीला तासाला सुमारे ६ लिटर पेट्रोल लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे इंजिनात अंदाजे ५३ किलोवॉट इतकी ऊर्जा सतत ओतली जात असते. तिच्यापैकी पाव ते तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, मोठा भाग धुरांड्यातून बाहेर पडतो आणि ढोबळमानाने १५ किलोवॉट कूलंटला वाहून न्यावे लागतात. इंजिन नुसते उभे राहून चालत असते तेव्हा हा बोजा याच्या लहानशा अंशाइतका असतो. कूलंटचा प्रवाह निम्म्याहून कमी झाला तरी गर्दीत त्याची कोणाला चाहूलही लागत नाही.

क्षमता कमी होण्याची कारणे मात्र बरीच असतात: रेडिएटरच्या नळ्या आतून गाळाने बुजणे, जाळीच्या पात्यांत बाहेरून धूळ आणि किडे अडकणे, रेडिएटरची खालची होज (रबरी नळी) मऊ पडून ओढीने चपटी होणे, पंपाची ताकद घटणे, हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलमधून) जळलेला वायू कूलंटमध्ये शिरणे. काही कारणे शीतकरणाच्या बाहेरचीही असतात, जसे की इंधनाचे मिश्रण पातळ होणे, स्पार्कची वेळ मागे पडणे, एखाद्या चाकाचा ब्रेक सतत घासत राहणे. यांतले सुटे भाग एकेक करून बदलत जाण्यापेक्षा मोजमापाने एकेक नाव खोडणे मला नेहमीच स्वस्त आणि प्रामाणिक वाटत आले आहे.

उभ्या गाडीवरच्या तपासण्या

थंड इंजिनावर हातपंपाने १ बार दाब भरून पंधरा मिनिटे ठेवला. दाब उतरला नाही आणि कुठे ओलही दिसली नाही. कॅपवर १.१ बार लिहिलेले होते आणि ती १.०५ बारला उघडली, हे ठीकच म्हणायचे. कॅपचा दाब ही दुय्यम बाब नाही. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलिन ग्लायकॉल असलेले कूलंट मोकळ्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळते. साधारण १ बार दाबाखाली तोच बिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. याच कारणाने गरम इंजिनाची कॅप उघडणे जिवावर बेतू शकते: दाब सुटताक्षणी आतले द्रव एकदम उकळून अंगावर उसळते.

कूलंटच्या वाफेतला जळलेला वायू ओळखणारे निळे रसायन वापरून पाहिले. हेड गॅस्केट फुटलेली असती तर कार्बन डायऑक्साइडमुळे ते पिवळे पडले असते. इंजिन वीस मिनिटे चालवूनही ते निळेच राहिले. स्कॅनरवर इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (मिश्रण योग्य राखण्यासाठी इंजिनाचा संगणक इंधनात करत असलेला बदल) अधिक २ टक्के, म्हणजे नगण्य होती आणि स्पार्कची वेळही अपेक्षेप्रमाणे होती. चारही चाके उचलून हाताने फिरवली, कुठेही ब्रेक धरत नव्हता.

एक दोष मात्र उघड दिसला. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत खालच्या तिसऱ्या हिश्शात धूळ, पिसे आणि वाळलेला पाला यांचा थर साचला होता. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, त्यामुळे तो आजवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. कारण सापडले असे मानून थांबण्याचा मोह इथे खरोखर होतो. पण तसे करण्यापूर्वी मला गाडी आहे त्या स्थितीत आणि नंतर साफ करून, अशी दोनदा रस्त्यावर पाहायची होती.

रस्त्यावर

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून ही चाचणी करता येत नाही. बहुतेक गाड्यांत चालकाची उगाच घालमेल होऊ नये म्हणून काटा एका मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. या गाडीत स्कॅनरवर ८२ पासून १०५ अंशांपर्यंत आकडा हलत असताना काटा जागचा हलला नाही. काटा हलू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून स्कॅनर जोडून कूलंटचे तापमान सतत पाहत राहिलो. शिवाय रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवून, वरून फोम गुंडाळून, त्यांच्या तारा आत आणल्या. रबरावरून मोजल्याने आकडा काही अंशांनी कमी येतो, पण वरच्या आणि खालच्या बाजूंची तुलना करायला तो पुरेसा असतो.

बाहेरचे तापमान ३४ अंश होते. पहिली वीस मिनिटे गर्दीतून गेलो: आकडा ८८ ते ९७ यांच्यात, फॅन ९७ ला सुरू होऊन ९२ ला बंद, सगळे वेळच्या वेळी. मग पाचव्या गिअरमध्ये ताशी ९५ किलोमीटर. पंचवीस मिनिटे तापमान ९१ वर आणि दोन होजमधला फरक १० अंशांच्या आसपास राहिला. पस्तिसाव्या मिनिटाला ९९, बेचाळिसाव्या मिनिटाला १०६, आणि त्याच वेळी दोन होजमधला फरक ३८ अंशांवर गेलेला. १११ दिसल्यावर मी वेग साठावर आणला आणि सहा मिनिटांत आकडा ९७ झाला.

या ३८ अंशांच्या फरकानेच निदानाची दिशा ठरवली. जाळीत हवा अडल्याने इंजिन तापत असते तर रेडिएटरमध्ये शिरलेले गरम कूलंट थंड न होताच बाहेर पडले असते. वरची आणि खालची, दोन्ही होज गरम लागल्या असत्या आणि फरक लहान राहिला असता. इथे खालून निघणारे कूलंट चांगलेच थंड होते. म्हणजे रेडिएटरला जेवढे मिळत होते तेवढे तो उत्तम थंड करत होता. त्याला मिळतच कमी होते. हिशेबही तेच सांगतो. या मिश्रणाचा एक किलो एक अंशाने तापवायला सुमारे ३.५ किलोज्यूल लागतात. १५ किलोवॉट उष्णता १० अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर मिनिटाला सुमारे २५ लिटर प्रवाह हवा. तीच उष्णता ३८ अंशांच्या फरकाने जात असेल तर प्रवाह मिनिटाला जेमतेम साडेसहा लिटर उरलेला असतो. आणि तापमान काही मिनिटांत वर चढत होते, त्यामुळे सगळी उष्णता बाहेरही पडत नव्हती. १०६ अंशांवर थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असतो, म्हणजे रेडिएटरमधला प्रवाह ९१ अंशांच्या वेळेपेक्षा वाढायला हवा. तो चौथा हिस्साच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कंडेन्सर पुढे सरकवून फटीतला थर काढला आणि जाळी मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुतली. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. त्याच रस्त्यावर पुन्हा गेलो. १०६ अंश गाठायला आता बेचाळीसऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. सुधारणा खरी होती, पण रोग तोच होता.

पंप की रेडिएटर

प्रवाह कमी पडण्याची तीन ठिकाणे उरली होती: बुजलेला रेडिएटर, चपटी होणारी होज आणि पंप. आधीच्या दोन्ही ठिकाणी पंपाकडे पाहिलेच गेले नव्हते, आणि त्याला कारणही होते. ८६,००० किलोमीटरला टायमिंग बेल्टबरोबर पंप नवा बसवलेला होता, तो गळत नव्हता, त्याच्या बेअरिंगचा आवाज नव्हता. पंप बिघडला म्हणजे तो गळतो किंवा गुरगुरतो, अशी एक समजूत आपल्या कामात खोल रुजलेली आहे.

रस्त्यावर असतानाच एक साधी चाचणी केली. ताशी ६० किलोमीटर वेगात पाचव्या गिअरला इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते. त्याच वेगात तिसऱ्या गिअरला ते ३००० फेरे घेते. गाडीला ओढायला लागणारी शक्ती दोन्ही वेळी तीच, इंजिनातले घर्षण तेवढे थोडे वाढते. निरोगी पंप फेरे वाढल्यावर अधिक कूलंट ढकलतो, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये तापमान निदान स्थिर राहायला हवे. ९७ अंशांवर असताना मी पाचव्यातून तिसऱ्यात आलो, वेग तोच ठेवला आणि पाच मिनिटांत आकडा १०४ झाला. पुन्हा पाचव्यात टाकला, तो उतरू लागला. बुजलेला रेडिएटर असे वागत नाही, कारण त्याच्यावर परिणाम उष्णतेच्या बोज्याचा होतो. इथे तापमान फेऱ्यांच्या मागे जात होते.

तेव्हा मला मालकाचे हीटरबद्दलचे वाक्य आठवले. हीटरच्या नळ्या इंजिनातून वेगळ्या निघतात. त्यांच्या वाटेत या गाडीत थर्मोस्टॅटही येत नाही आणि रेडिएटरही येत नाही. दोन्ही वाटांना सामाईक असतो तो फक्त पंप. गाडी बाजूला उभी केली, इंजिन गरम असतानाच हीटर पूर्ण लावला आणि झरोक्यात तापमापक धरला. इंजिन उभ्या गतीने चालत असताना हवा ६२ अंशांची होती. ॲक्सिलरेटर दाबून ३००० फेऱ्यांवर धरले आणि दीड मिनिटात ती ४१ वर आली. पाय काढला, ती पुन्हा तापू लागली. याच वेळी बॉनेट उघडून सोबत्याने खालची होज पाहिली: ती चपटी होत नव्हती. कूलंटची पातळी पूर्ण होती, आत हवा अडकलेली नव्हती. आता संशयाला दुसरी जागा उरली नाही. वेगळा मानलेला हीटरचा दोष आणि तापणारे इंजिन यांचे मूळ एकच होते, आणि ते मालकाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते.

पंप बाहेर काढल्यावर

टायमिंग कव्हर आणि बेल्ट उतरवून पंप काढला. पुलीत खेळ नव्हता, सील कोरडे होते, इम्पेलरची (शाफ्टवर फिरून कूलंट ढकलणाऱ्या चक्राची) प्लॅस्टिकची पाती अखंड होती. पुली एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने इम्पेलर फिरवून पाहिला, तो हलला नाही. कोणीही हा पंप चांगला आहे म्हणून परत बसवला असता, आणि क्षणभर माझ्याही मनात शंका आली. मग तो पंप उकळत्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवला आणि हातमोजे घालून पुन्हा पाहिले. या वेळी शाफ्ट स्थिर असताना इम्पेलर हाताच्या मध्यम जोराने फिरला.

दाबून काढल्यावर कारण दिसले. इम्पेलर पोलादी शाफ्टवर नुसत्या घट्ट बसणीने रोवलेला होता, त्याला आतून धातूची बुशी नव्हती. छिद्राची आतली बाजू घासून आरशासारखी चकचकीत झाली होती आणि कडेला प्लॅस्टिकची बारीक भुकटी होती. प्लॅस्टिक उष्णतेने पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून थंड असताना टिकणारी पकड गरम झाल्यावर ढिली होत होती. इम्पेलर फिरवायला लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०० फेऱ्यांवरून ३००० वर गेले की तो जवळपास चौदापट होतो. शहरात उरलेली पकड पुरत होती. लांबच्या रस्त्यावर पंपाचा गाभा पूर्ण तापायला अर्धा तास लागायचा, पकड सैल व्हायची आणि एकदा घसरू लागलेला इम्पेलर घसरतच राहायचा, कारण घसरणाऱ्या पृष्ठभागांचे घर्षण चिकटून असलेल्या पृष्ठभागांपेक्षा कमी असते. वेग उतरवला की तो पुन्हा शाफ्टला धरायचा. मालकाने सांगितलेले प्रत्येक लक्षण इथे जागेवर बसले.

प्लॅस्टिकचा इम्पेलर मुळात वाईट असतो असे मी म्हणणार नाही. धातूच्या बुशीवर साचा करून ओतलेले असे इम्पेलर दीर्घकाळ टिकतात आणि त्यांना गंजाची भीती नसते. इथे बसणीची रचनाच अपुरी होती.

दुरुस्ती आणि पडताळणी

धातूच्या इम्पेलरचा पंप, नवा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बसवले. बेल्ट चांगला दिसत होता, तरी पंप काढताना तो कूलंटने भिजला होता आणि पुढे त्याच्यासाठी सगळे पुन्हा उघडणे योग्य ठरले नसते. पंपाची बसण्याची जागा जुन्या गॅस्केटचा कण न ठेवता साफ केली आणि बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आळीपाळीने, ठरलेल्या मापाला आवळले. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले. साध्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

हवा काढण्याला मी पुरेसा वेळ दिला. गाडीचे नाक उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडणारा) मोकळा करून कूलंट सावकाश भरले. बुडबुड्यांशिवाय धार आल्यावर स्क्रू बंद केला. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवले, पूर्ण थंड होऊ दिले आणि पातळी पाहिली. आणखी पाव लिटर मावले. नवा पंप बसवूनही गाडी तापते अशी तक्रार घेऊन परतणाऱ्या अनेक गाड्यांत दोष या उरलेल्या पाव लिटरएवढ्या हवेचा असतो.

इंजिन अनेकदा तापलेले असल्याने हेडला इजा झाली नाही याची खात्री हवी होती. चार सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाताना तयार होणारा दाब) अनुक्रमे १२.१, १२.३, ११.९ आणि १२.२ बार, म्हणजे जवळपास सारखे भरले. निळ्या रसायनाची चाचणी पुन्हा घेतली, रंग बदलला नाही.

त्यानंतर तोच रस्ता, तीच माणसे, एसी चालू, बाहेर ३५ अंश. ताशी ९५ किलोमीटर वेगाने पंचाहत्तर मिनिटांत तापमान ८९ ते ९२ यांच्या बाहेर गेले नाही आणि दोन होजमधला फरक ८ ते १० अंश राहिला. लांब चढावर ते ९६ वर गेले आणि माथा ओलांडल्यावर चार मिनिटांत ९१ वर आले. तिसऱ्या गिअरची चाचणी पुन्हा केली, आकडा हलला नाही. उभ्या गाडीत ३००० फेऱ्यांवर हीटरची हवा ६१ अंशांवर टिकून राहिली.

हजार किलोमीटरनंतर मालकाने गाडी आणली तेव्हा कूलंट टाकीवरच्या खुणेलाच होते आणि पंपाखाली ओल नव्हती. त्यांच्या सेवापुस्तिकेत पंपाची तारीख, इम्पेलरचा प्रकार आणि कंडेन्सरमागची फट दरवर्षी उघडून साफ करायची ही नोंद मी लिहून दिली.